दुसरी बाटली: कॅन्सर मदतनिधीसाठी मिरची सॉस करून विकायचा तर

मदतनिधीच्या टेबलावरची पहिली बाटली सहज खपते. ‘कॅन्सर रुग्णांच्या मदतीसाठी’ एवढं वाचलं की माणूस खिशात हात घालतो; आत काय आहे हे धड विचारतही नाही. मग ती बाटली फ्रिजच्या दारात जाऊन बसते. सॉस नुसताच आंबट आणि जाळ असेल, तर एकदा चाखून झाल्यावर तिथेच काळी पडते. दुसरी बाटली मागायला कोणी येत नाही. माझ्या पहिल्या वर्षी अगदी हेच झालं: सगळ्या बाटल्या संपल्या, कौतुकही झालं आणि पुढच्या खेपेला त्याच लोकांनी हसून पाकिटातून देणगी काढून दिली. सॉस राहू दे म्हणाले.

पॉल न्यूमन या अभिनेत्याने १९८२ साली सॅलड ड्रेसिंग बाटलीबंद करून विकायला काढलं आणि ‘न्यूमन्स ओन’चा सगळा नफा दानधर्माला देण्याचं ठरवलं. ते अजून चालू आहे. माझ्या मते त्यात दानाइतकाच वाटा चवीचा आहे. म्हणून हा लेख बराचसा स्वयंपाकघरातच रेंगाळणार आहे.

मिरची आणण्याआधी: पैसे कुठे जाणार?

कॅन्सरसाठी काम करणाऱ्या संस्था एका साच्याच्या नसतात. काही संशोधनाला पैसा पुरवतात, काही रुग्णांचा प्रवास आणि राहण्याची सोय बघतात, काही लहान मुलांच्या वॉर्डात काम करतात, तर काही शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या वेदनाशमनाचं. छोट्या विक्रीतून उभी राहणारी रक्कम बेताचीच असते, त्यामुळे ती जिथे डोळ्यांना दिसेल अशा कामाला द्यावी, असं मला वाटतं. संशोधनाला दिलेले पैसे वाया जातात असं मुळीच नाही. पण ‘या पैशांतून इतक्या रुग्णांचा येण्या-जाण्याचा खर्च निघाला’ असं सांगता आलं, तर गिऱ्हाईकही जोडलेलं राहतं.

संस्थेला आधी पत्र किंवा मेल लिहा. नोंदणी आहे का, वार्षिक हिशेब उघड आहेत का, ठरावीक कामासाठी दिलेली देणगी त्याच कामाला जाते का, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात. आणि त्यांचं नाव किंवा चिन्ह बाटलीवर छापायची लेखी परवानगी घ्या. ‘आपण तर त्यांना पैसेच देतोय, त्यांची हरकत कशाला असेल’ हा समज चुकीचा आहे. उद्या एखाद्या बाटलीने कोणाचं पोट बिघडलं, तर नाव त्यांचंही जातं.

घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. आपल्या भागातल्या अन्नसुरक्षा खात्याला पहिल्या बॅचच्या आधी विचारा, नंतर नको. परवानगी मिळत नसेल, तर परवाना असलेलं एखादं स्वयंपाकघर काही तासांसाठी भाड्याने किंवा मैत्रीखातर मिळतं का ते बघा.

कुठली मिरची

तिखटपणा मोजायची पद्धत अमेरिकी औषधतज्ज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा, की चाखणाऱ्याला तिखट लागणं बंद होईल; किती पट पातळ करावा लागला, तो त्या मिरचीचा आकडा. हालापेन्यो मिरची या मोजणीत साधारण २,५०० ते ८,०००, कायेन ३०,००० ते ५०,०००, हाबानेरो १ लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. कॅरोलिना रीपर १६ लाखांच्या पुढे आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. अशा सॉसची बाटली लोक पैज लावायला घेतात आणि पैज एकदाच लागते.

मी निम्म्याहून जास्त मध्यम तिखट, मांसल, लालबुंद पिकलेली मिरची घेते आणि त्यात दोन-तीनच हाबानेरो घालते. हाबानेरोला जर्दाळूसारखा फळाचा वास असतो. तो दोन-तीन मिरच्यांतही पुरेसा उतरतो, आग मात्र आटोक्यात राहते. गोडसरपणा आणि अंग यावं म्हणून लाल ढोबळी मिरची आणि थोडं गाजर. हिरवी मिरची याच कृतीत चालते, पण रंग शिजवल्यावर मळकट होतो आणि टेबलावर मळका रंग खपत नाही.

एका बॅचचं माझं माप असं आहे: देठ काढून १ किलो लाल मिरची, २५० ग्रॅम ढोबळी, १०० ग्रॅम गाजर, ५० ग्रॅम सोललेला लसूण. एकूण १,४०० ग्रॅम. त्याच्या अडीच टक्के मीठ, म्हणजे ३५ ग्रॅम. पुढे ४०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर लागेल, ५ टक्के आम्लतेचं. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. यातून १५० मिलिलिटरच्या आठ-नऊ बाटल्या निघतात. मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा. जाड मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो आणि इथे तो फरक महागात जातो.

हातमोजे घाला. मी सांगते म्हणून घाला. नाहीतर रात्री कॉन्टॅक्ट लेन्स काढताना स्वतःच शिकाल. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे हात नुसत्या पाण्याने धुऊन काही होत नाही. आधी बोटांना थोडं खाण्याचं तेल चोळायचं आणि मग साबण. आणखी एक गैरसमज: सगळा तिखटपणा बियांत असतो असं लोक मानतात. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गराच्या पट्टीत. सॉस सौम्य हवा असेल, तर ती पट्टी सुरीने खरवडून काढा. बिया आपोआप निघतातच.

आंबवणं

मिरची, व्हिनेगर, मीठ एकत्र शिजवून तासाभरात सॉस होतो. तो वाईटही नसतो. पण जिभेवर पहिल्या घासाला जे काही कळतं, त्यापुढे त्यात काही उरत नाही. आंबवलेल्या मिरचीला खोली येते. आंबटपणा टोकदार न राहता गोलसर होतो. दोन आठवडे थांबायची तयारी असेल, तर हीच वाट धरा.

मिरच्या, ढोबळी, गाजर, लसूण मिक्सरमधून जाडसर काढा. पेस्ट नको, भरड हवी. वजन केलेलं मीठ त्यात नीट कालवा आणि गरम पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत दाबून भरा. वर निदान एक चतुर्थांश बरणी रिकामी ठेवा. मिश्रण फुगून वर येतं. झाकण सैल ठेवा, किंवा हवा बाहेर सोडणारं पण आत न घेणारं झाकण मिळालं तर उत्तमच. २० ते २४ अंश सेल्सिअसला, उन्हापासून लांब, खाली ताटली ठेवून बरणी ठेवायची.

मी एकदा झाकण घट्ट लावलं आणि चार दिवस विसरले. उघडलं तेव्हा आधी शीळ वाजल्यासारखा आवाज आला, मग मिरचीचं कारंजं. छतावरचे लाल ठिपके रंग दिल्यावरच गेले आणि त्या संध्याकाळी घरातलं प्रत्येक माणूस खोकत होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीच्या काचेला कान लावला, तर बारीक चर्र आवाज येतो. फुगे वर येताना मिरचीचे कण ढकलतात, मिश्रणात उभ्या भेगा पडतात आणि तळाशी केशरी पाणी साचतं. मिठामुळे नको ते जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू मिरचीतल्या साखरेवर पोसतात, त्याची ही खूण. रोज एकदा स्वच्छ चमच्याने मिश्रण खाली दाबा, म्हणजे वरचा भाग कोरडा पडत नाही.

वर पांढरा, पातळ, सुरकुतलेला पापुद्रा आला तर घाबरू नका; ते एक प्रकारचं यीस्ट असतं. काढून टाका. वास मात्र घ्या, कारण ते फार वाढलं तर चव उतरते. पण केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, तर अख्खी बरणी फेकायची. वरचं काढून खालचं वापरू का, असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. घरच्यासाठीही नाही आणि विकायला तर नाहीच नाही. लसणाचा तुकडा निळसर-हिरवा झालेला दिसेल. तो आम्लाचा परिणाम आहे, त्याने बिघडत काही नाही.

१० ते १४ दिवसांत फुगे मंदावतात आणि वास तिखटाकडून आंबटगोडाकडे झुकतो.

शिजवणं, गाळणं आणि पीएच

बरणीतलं सगळं पातेल्यात काढा, व्हिनेगर घाला, उकळी आणा आणि मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. पातेलं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियम आम्लाला टिकत नाही. खिडक्या आधीच उघडा. उकळत्या मिरचीचा खकाणा चुलीपाशीच राहत नाही, शेजाऱ्यांपर्यंत जातो. थोडं निवलं की मिक्सरमधून दोन-तीन मिनिटं बारीक करा (पूर्ण गरम असताना बंद भांड्यात फिरवलंत तर झाकण उडेल) आणि बारीक चाळणीतून दाबून गाळा. चोथा टाकू नका, त्याचं काम पुढे आहे.

आता चव बघा आणि सावकाश बघा. एक थेंब जिभेवर, दहा सेकंद थांबायचं. मीठ कमी वाटलं तर अर्धा-अर्धा ग्रॅम घाला. कडवट वाटलं तर चमचाभर साखर. तिसऱ्या-चौथ्या चाखणीनंतर जीभ बधिर होते आणि मग माणूस सगळंच वाढवत सुटतो. तेव्हा दूध प्या, अर्ध्या तासाने परत या. पाण्याचा उपयोग नसतो. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलतं. बाटलीत सॉस खाली आणि पाणी वर असं होऊ नये, म्हणून सॉसच्या वजनाच्या ०.१ टक्का झँथन गम (सॉस दाट धरून ठेवणारी भुकटी) पुरतो, म्हणजे किलोला १ ग्रॅम. तो चालू मिक्सरमध्ये चिमटीने भुरभुरवायचा. नुसता ओतलात तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत.

यानंतरची पायरी टाळून सॉस विकू नये. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू ज्या बीजाणूंतून उगवतो ते साध्या उकळीला मरत नाहीत, पण पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढू शकत नाहीत. ४.६ ही रेघ आहे. आपण रेघेवर चालायचं नाही. मी ३.८ च्या वर असलेली बॅच बाटलीत भरत नाही. वर दिलेल्या मापात सहसा तो त्याहून खालीच येतो. नाही आला, तर व्हिनेगर वाढवा, ढवळा, पुन्हा मोजा.

कागदी पट्ट्या इथे कुचकामी आहेत, कारण सॉसचा लाल रंगच पट्टीला लागतो. छोटं डिजिटल पीएच मीटर घ्या आणि प्रत्येक वेळी ४.०१ आणि ७.०० या दोन प्रमाण द्रावणांत बुडवून आधी जुळवून घ्या. नमुना खोलीच्या तापमानाला निवलेला हवा. आकडा वहीत लिहा: बॅच क्रमांक, तारीख, पीएच. दुसऱ्या दिवशी त्याच बॅचचा वेगळा ठेवलेला नमुना पुन्हा मोजा, कारण बारीक तुकड्यांच्या पोटात आम्ल मुरायला वेळ लागतो. मगच बाकीचा सॉस बाटलीत भरायला घ्या. तोवर तो झाकून फ्रिजमध्ये.

आणि तेल नको. लसूण तेलात परतून सॉसमध्ये घालायचा मोह होतो, वास सुंदर येतो. पण तेलात बुडालेल्या लसणापर्यंत आम्ल पोचत नाही आणि हवाही नाही, म्हणजे त्या जिवाणूला हवं ते सगळं तिथे मिळतं. घरी त्याच दिवशी खायला करा हवं तर.

भरताना सॉस पुन्हा उकळीला आणा. बाटलीत पडताना तो ८५ अंशांच्या वर राहील, हे थर्मामीटरने बघा. बाटल्या काचेच्या, धुऊन ओव्हनमध्ये गरम ठेवलेल्या. थंड बाटलीत उकळता सॉस ओतला तर ती तडकते. झाकण लावून दोन-तीन मिनिटं बाटली उलटी धरा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेत निघते. प्रत्येक बॅचची एक बाटली विकायची नाही, कपाटात ठेवायची. तक्रार आलीच, तर उघडून बघायला आपल्याकडे तीच असते.

लेबल: काय लिहायचं, काय नाही

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ माप, बॅच क्रमांक, तारीख, ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा’ आणि संपर्क. मोहरी, सेलरी असं काही घातलं असेल तर ते ठळक, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते. तिखटपणाची खूणही खरी द्या. तीन मिरच्यांचं चित्र छापून आत ढोबळीचा रस निघाला, की लोक चिडतात.

मिरची कॅन्सरवर गुणकारी आहे, असं काहीही, कुठल्याही आडवळणाने लिहू नका. कॅप्सेसिनवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालंय. शरीरात त्याला जाणणारं टीआरपीव्ही१ हे चेतापेशींवरचं प्रथिन शोधल्याबद्दल शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेलही विभागून मिळालं. त्यातून ‘सॉस खा, बरे व्हा’ निघत नाही. उलट केमोथेरपी किंवा तोंडा-घशाजवळचं रेडिएशन चालू असलेल्या अनेकांच्या तोंडात फोड येतात, साधं वरणपाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. ज्यांच्यासाठी आपण हे करतोय त्यांच्यातल्या कित्येकांना हा सॉस चाखताही येणार नाही. वॉर्डात बाटल्या भेट पाठवायची कल्पना कोणीतरी काढतंच; प्रेमाने नाही म्हणा.

आकड्यांचं वचन

लेबलवरची सगळ्यात घातकी ओळ म्हणजे ‘विक्रीतील काही भाग मदतीसाठी’. काही म्हणजे किती? शंभरातला एकसुद्धा ‘काही’च असतो. दोनच पद्धती प्रामाणिक आहेत. एक: ‘प्रत्येक बाटलीमागे इतकी रक्कम’. दोन: ‘खर्च वजा जाता उरलेली सगळी रक्कम’.

कुठली घ्यायची हे हिशेब मांडल्यावर कळतं. बाटलीची किंमत १०० धरा, चलन कुठलंही असो. माल २५, बाटली-झाकण-लेबल २०, इंधन आणि वाहतूक १०, टेबलाचं भाडं ८, चाखायला दिलेला आणि फुटलेला माल ७. उरले ३०. पहिल्या पद्धतीत ‘बाटलीमागे ३०’ छापलंत आणि पुढच्या महिन्यात मिरची महागली, तरी ३० द्यावेच लागतील, खिशातून का होईना. म्हणून मी २५ छापते आणि वर उरलेलं शेवटी त्यातच घालते. दुसरी पद्धत एकट्या माणसाला सोपी आहे, पण तिथे खर्चाची प्रत्येक पावती दाखवायची तयारी हवी.

स्वतःच्या मजुरीचं काय? बहुतेक जण ती धरत नाहीत. धरू नका हवं तर, पण तास मात्र लिहून ठेवा. आठ बाटल्यांसाठी एक अख्खी संध्याकाळ जाते हे कागदावर दिसलं, की पुढच्या वेळी दोन बॅच एकत्र करायची बुद्धी होते.

पैशांना वेगळं खातं, निदान वेगळा डबा. रोजची विक्री त्याच रात्री लिहायची. संस्थेकडे पैसे कधी जमा करणार ती तारीख आधीच जाहीर करा आणि पावती मिळाली की तिचा फोटो जिथे विक्रीची जाहिरात केली होती तिथेच टाका. न खपलेल्या बाटल्यांचं काय होणार, हेही ठरवून ठेवा.

टेबलावर

चाखायला उकडलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवा. मीठही न लावलेल्या. त्यावर सॉसची खरी चव कळते आणि पोटही जळत नाही. एक थेंब द्या, चमचा नाही. जवळ थंड दूध असू द्या. चाखून झाल्यावर माणसाने ‘हे कशावर घालायचं?’ असं विचारलं, की बाटली गेली समजा. त्यामुळे त्याचं उत्तर तयार ठेवा: अंडं, सूप, भाजलेली भाजी.

कोणा रुग्णाचं नाव, फोटो, गोष्ट टेबलावर लावायची असेल, तर त्याची स्पष्ट संमती हवी. ती मागे घ्यायची मुभाही हवी. मला विचाराल तर लावूच नका. २०२२ मध्ये जगात कॅन्सरच्या अंदाजे २ कोटी नव्या रुग्णांची नोंद आहे. टेबलापाशी थांबणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं कोणीतरी आठवतं. काही जण बाटली हातात धरून वहिनीची, मित्राची, स्वतःची गोष्ट सांगायला लागतात. अशा वेळी सुट्टे पैसे मोजत राहू नये. टेबलावर दोघं असलेलं बरं, एक ऐकायला आणि एक रांग सांभाळायला.

राहिला चोथा. तो पसरून ओव्हनमध्ये ६०–७० अंशांवर कडकडीत वाळवा, दुप्पट मिठाबरोबर कुटा आणि छोट्या डब्यांत भरा. नाकाला रुमाल बांधूनच कुटा. मिरची-मिठाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि ज्यांना अख्खी बाटली नको असते ते हेच घेतात.

तारखा उलट्या मोजायच्या. समजा ४ फेब्रुवारीला, जागतिक कॅन्सर दिनी, टेबल लावायचंय. भरल्यानंतर सॉसला निदान दोन आठवडे मुरू द्यावेत, लेबलं आणि बांधाबांधीला आणखी आठवडाभर आणि दोन दिवस हाताशी, म्हणजे १२ जानेवारीपर्यंत बाटल्या भरून झालेल्या हव्यात. शिजवणं ११ ला. आंबवायला १४ दिवस धरले, तर बरणी २८ डिसेंबरला भरायची. एखाद्या बरणीला बुरशी येतेच, म्हणून मी १५ डिसेंबरला पहिली भरते आणि पीएच मीटरची द्रावणं त्याच्याही आधी मागवून ठेवते.